स्मरण-परिषदा व अस्सल कागद

यरुशलेम येथें इ. स. २०२० च्या जानेवारीच्या २३ व्या तारखेस पांचवी जागतिक होलोकॉस्ट परिषद भरली. ऑश्वित्झची छावणी ता. २७ जानेवारी १९४५ रोजीं मुक्त झाली, त्या गोष्टीस पाऊणशें वर्षें पुरीं होत होतीं. त्या निमित्तानें चाळिसांहून अधिक राष्ट्रांचे प्रमुख व प्रतिनिधि याद वाशेम या स्मारक-संस्थेच्या आवारांत जमले होते. होलोकॉस्टचें स्मरण करणें व ज्यूद्वेषाशीं लढणें हे परिषदेचे दोन उद्देश तिच्या बोधवाक्यांतच ग्रथित केलेले होते. यापूर्वीं अशा चार परिषदा क्राकाव (२००५), कीव्ह (२००६), पुनः क्राकाव (२०१०) आणि प्राग-तेरेझीन (२०१५) येथें भरल्या होत्या. याहून निराळी व अधिक महत्त्वाची परिषद २००० सालच्या जानेवारींत स्टॉकहोम येथें झाली. तिचा विचार पुढें येईलच. या परिषदांचे वृत्तान्त वर्तमानपत्रांतून येतात, आणि कोणत्या राष्ट्रप्रमुखानें कोणाशीं हस्तांदोलन केलें याची चर्चा आठवडाभर चालते. परंतु इतिहास-साधनांच्या दृष्टीनें त्यांचें परीक्षण क्वचितच होतें. तें करण्याचा प्रस्तुत लेखांत उद्देश आहे.

बखर हातीं आली म्हणजे ती कोणीं, कोणाच्या आज्ञेवरून व घटनेनंतर किती वर्षांनीं लिहिली हें प्रथम विचारावयाचें, आणि मग तिच्यांतील मजकूर समकालीन पत्रांशीं ताडून पाहावयाचा, ही रीत आमच्या वाचकांच्या अंगवळणीं पडलेली आहे. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हांपासून महाराष्ट्रांत ती रूढ झाली. आंतरराष्ट्रीय परिषदेचें जाहीरपत्र हीहि एका अर्थीं बखरच होय. घटनेनंतर पांच-सात दशकांनीं, सरकारांच्या आज्ञेनें, अनेकांच्या मर्जी सांभाळून ती लिहिली जाते. एवढ्यावरून ती टाकाऊ ठरते असें नव्हे. बखरींतहि खरें पुष्कळ असतें. पण तिच्यावर विश्वास किती टाकावयाचा हें अस्सल कागदच ठरवितात, आणि येथेंहि तोच नियम आम्ही लावणार आहों.

यरुशलेमच्या परिषदेंत भाषणांच्या जोडीस कांहीं लघुचित्रपट दाखविण्यांत आले. महायुद्धाचा व संहाराचा इतिहास नकाशांच्या साह्यानें प्रेक्षकांपुढें ठेवावा असा त्यांचा हेतु होता. हेतु चांगलाच, परंतु पंधरवडाहि लोटला नाहीं तोंच खुद्द याद वाशेमच्या संशोधन-विभागाचे प्रमुख दान मिखमन यांना वर्तमानपत्रांत पत्र प्रसिद्ध करून त्या चित्रपटांतील चुकांबद्दल क्षमा मागावी लागली. चुका लहान नव्हत्या. १९३९ सालीं जर्मनी व सोव्हिएट रशिया या दोघांनीं मिळून पोलंड वांटून घेतला, त्याचा उल्लेखच नव्हता. १९४० सालीं जर्मनीनें पश्चिम युरोप जिंकला, तेंहि गाळलेलें. नकाशांत पोलंड व शेजारचीं राष्ट्रें यांच्या सीमा चुकीच्या दाखविल्या होत्या, आणि बंदिछावण्यांस संहारछावण्या म्हटलें होतें. चित्रपट परिषदेच्या संयोजक प्रतिष्ठानासाठीं तयार झाले होते, संस्थेच्या संशोधकांनीं नव्हे, ही सबब खरी असेल. परंतु छत संस्थेचें, प्रेक्षक चाळीस राष्ट्रांचे, आणि विषय असा कीं त्यांत एक सीमारेषा चुकली तर तिचा उपयोग करून घेणारे टपून बसलेले. क्षमा मागितली हें संस्थेस भूषणावह आहे. मात्र चाळीस राष्ट्रांनीं पाहिलेली चूक एका वृत्तपत्राच्या वाचकांपुढें दुरुस्त झाली, हें प्रमाण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

या चुका कोणत्या बाजूस झुकल्या होत्या तेंहि पाहण्यासारखें आहे. पोलंडचे अध्यक्ष दुदा या परिषदेस आले नाहींत. रशियाच्या अध्यक्षांस भाषणाचा मान होता आणि त्यांस नव्हता, हें त्यांच्या नकाराचें कारण. रशियाचे अध्यक्ष पुतिन यांनीं आपल्या भाषणांत मारल्या गेलेल्या ज्यूंपैकीं शेंकडा चाळीस सोव्हिएट नागरिक होते असें विधान केलें. हें प्रमाण जमवावयाचें तर पूर्व पोलंड व बाल्टिक देश येथील ज्यूंस सोव्हिएट नागरिकांत मोजावें लागतें, म्हणजे जे प्रांत १९३९ व १९४० सालीं बळानें घेतले तेथील प्रेतें आपल्या खात्यांत मांडावीं लागतात. १९३९ च्या पूर्वींची हद्द धरली तर तो आंकडा पुष्कळच खालीं येतो. चित्रपटानें नेमकी ती वांटणी गाळली आणि भाषणानें नेमका तिचा लाभ उठविला. यांत संकेत होता असें आम्ही म्हणत नाहीं. सीमा कोणत्या सालची हें न विचारतां नकाशा मान्य केला म्हणजे आंकडाहि आपोआप मान्य होतो, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

ही पोलंडची वांटणी दूरची म्हणून महाराष्ट्रांतील वाचकास सोडून देतां येणार नाहीं. तिचा एक धागा कोल्हापुरापर्यंत आलेला आहे. पूर्व पोलंड ताब्यांत आल्यावर सोव्हिएट सरकारानें तेथील लक्षावधि लोकांस सैबेरिया व मध्य आशियाकडे हद्दपार केलें. पुढें त्यांपैकीं ज्यांची सुटका झाली त्यांतील सुमारें पांच हजार स्त्रिया, मुलें व वृद्ध १९४३ पासून कोल्हापुराजवळ वळिवडे येथील वसाहतींत राहिले, आणि १९४८ पर्यंत तेथें होते. त्यांत बहुतेक ख्रिस्ती होते. त्यांची कथा होलोकॉस्टची कथा नव्हे व तशी ती करूंहि नये. परंतु ज्या नकाशांत १९३९ ची वांटणी नाहीं त्या नकाशावरून वळिवड्याचा अर्थ लागत नाहीं, आणि ज्यास वळिवडें ठाऊक आहे त्यास तो नकाशा पाहतांक्षणींच खोटा दिसावा.

त्या दिवसाची आणखी एक गोष्ट सांगून पुढें जाऊं. सभागृहांत राष्ट्रप्रमुख व त्यांचे परिवार यांसच इतक्या जागा लागल्या कीं संहारांतून वांचलेल्या वृद्धांस फारच थोड्या उरल्या. तेव्हां युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनीं आपल्या शिष्टमंडळाच्या जागा त्या वृद्धांस देऊं केल्या व आपण सभागृहांत गेले नाहींत. सगळ्या समारंभांत समकालीन साक्षीस अग्रमान देणारी कृति आम्हांस हीच दिसते.

आतां बंदिछावणी व संहारछावणी या भेदाकडे वळूं. कोणी म्हणेल कीं मेलेल्यांस काय फरक? साधनांच्या दृष्टीनें फरक मोठा आहे. डाखाऊ, बुखेनवाल्ड अशा बंदिछावण्यांत माणसास क्रमांक मिळे, नांवनिशी लिहिली जाई, मृत्यूचीहि नोंद कित्येकदां होई. म्हणून त्यांचे कागद आहेत. बेल्झेक, सोबिबोर व त्रेब्लिंका येथें आलेला माणूस त्याच दिवशीं, बहुधा कांहीं तासांत, मारला जाई. त्याचें नांव लिहिण्याचें कारणच नव्हतें. १९४३ सालीं या छावण्या पाडून जमीन सारखी करण्यांत आली. बेल्झेकमधून वांचून साक्ष देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेहि नाहींत. म्हणून या तीन ठिकाणांविषयीं एक-एक कागद बावनकशी सोन्याच्या मोलाचा ठरतो. त्यांतील एका कागदाची हकीकत आमच्या वाचकांस विशेष रुचेल, म्हणून ती थोड्या विस्तारानें देतों.

ता. ११ जानेवारी १९४३ रोजीं लुब्लिनहून हेर्मान हॉफ्ले नांवाच्या जर्मन अधिकाऱ्यानें क्राकाव येथें सांकेतिक तारायंत्रानें एक पाक्षिक हिशेब पाठविला. इंग्रजांनीं तो संदेश पकडला, सांकेतिक लिपि फोडली, मजकूर उतरून घेतला आणि ठेवून दिला. त्यांत नांवें नव्हतीं. एल्, बी, एस्, टी अशीं चार आद्याक्षरें व त्यांपुढें आंकडे एवढेंच होतें. उतरून घेणारास त्याचा अर्थ कळला नाहीं. पुढें अर्धशतकाहून अधिक काळ तो कागद इंग्रजांच्या दप्तरांत पडून राहिला, आणि २००० सालीं लंडनजवळील क्यू येथील सरकारी दप्तरखान्यांत स्टीफन टायस यांच्या दृष्टीस पडला. पेटर विटे व टायस या दोघांनीं त्यावर २००१ सालीं निबंध प्रसिद्ध केला. एल् म्हणजे लुब्लिनची छावणी, बी बेल्झेक, एस् सोबिबोर, टी त्रेब्लिंका. १९४२ च्या अखेरपर्यंतची एकंदर आवक अशी दिली आहे: लुब्लिन २४,७३३, बेल्झेक ४,३४,५०८, सोबिबोर १,०१,३७०, त्रेब्लिंका ७१,३५५, आणि खालीं बेरीज १२,७४,१६६.

ज्यांनीं मोडी ताळेबंद वाचले आहेत त्यांची नजर येथें ताबडतोब अडखळेल. रकमा बेरजेशीं जमत नाहींत. चारी कलमें मिळून ६,३१,९६६ होतात. ६,४२,२०० ची तूट येते. कलम खोटें कीं बेरीज खोटी? त्रेब्लिंकाच्या आंकड्यांत शेवटीं आणखी एक पांच घालून तो ७,१३,५५५ असा वाचला म्हणजे बेरीज अगदीं बरोबर येते, एकाचाहि फरक राहत नाहीं. अर्थात् पाठवितांना किंवा उतरून घेतांना दोन लागोपाठ पांचांच्या पुढचा तिसरा पांच गळला. आमच्याकडे तेरीज लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातून असे अंक नेहमींच गळतात, आणि बेरजेवरूनच ते परत बसवितां येतात. याच कागदांत वर्षाखेरच्या पंधरवड्याचा हिशेबहि स्वतंत्र दिला आहे: लुब्लिन १२,७६१, बेल्झेक शून्य, सोबिबोर ५१५, त्रेब्लिंका १०,३३५, मिळून २३,६११. हा मात्र तंतोतंत जमतो. तेव्हां लिहिणारा बेरजेंत कच्चा नव्हता हें सिद्ध होतें व वरील दुरुस्तीस पुष्टि मिळते.

आणखी एक ताळा आहे. जर्मन शासनाचा संख्याशास्त्री कोर्हेर यानें १९४३ च्या वसंतांत वरिष्ठांस सादर केलेल्या अहवालांत १२,७४,१६६ हीच संख्या येते, आणि तो अहवाल युद्धोत्तर खटल्यांपासून अभ्यासकांस ठाऊक होता. यावरून दोन स्वतंत्र साक्षी मिळाल्या असें म्हणण्याचा मोह होईल, तो आवरावा. एकूण एक आंकडा जुळतो याचा सरळ अर्थ असा कीं कोर्हेरनें आपला आंकडा त्याच हिशेबावरून किंवा त्याच्या मुळावरून घेतला. एका मूळ प्रतीच्या या दोन शाखा आहेत. तथापि त्यामुळें कोर्हेरच्या अहवालांतील मोघम एकंदरीची फोड प्रथमच हातीं आली, आणि कोणत्या ठिकाणीं किती हें मारणाऱ्याच्याच हिशेबावरून कळलें. बारा लक्ष चौऱ्याहत्तर हजार माणसें, बहुतेक सगळीं एका वर्षांतलीं. संहार झालाच नाहीं असें म्हणणारास या कागदापुढें बोलावयास जागा उरत नाहीं, आणि तो कागद शोधून काढण्यास कोणत्याहि परिषदेची गरज पडली नाहीं. एका चिकाटीच्या माणसानें रुमाल सोडून पाहिले, इतकेंच.

स्टॉकहोमची परिषद त्याच २००० सालची. स्वीडनचे प्रधानमंत्री गोरान पेर्सोन यांनीं ती बोलाविली. १९९८ सालीं स्वीडन, ब्रिटन व अमेरिका यांनीं मिळून स्थापिलेलें एक मंडळ तिच्या पाठीशीं होतें, व तेंच आज आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण संघ या नांवानें ओळखलें जातें. इतिहासकार येहुदा बावर हे तिचे विद्वान् सल्लागार होते, आणि तेथील आठ कलमी जाहीरपत्रावर त्यांची छाप स्पष्ट दिसते. आम्हांस या जाहीरपत्राविषयीं आदर आहे, आणि तो विशेषतः सातव्या कलमामुळें. होलोकॉस्टसंबंधीं सर्व कागद संशोधकांस पाहावयास मिळावे म्हणून दप्तरखाने उघडण्यासाठीं आवश्यक तें सर्व करूं, असें त्या कलमांत सरकारांनीं कबूल केलें आहे. भावनांच्या भाषेनें भरलेल्या अशा पत्रांत कागदपत्रांविषयीं एक स्वच्छ वचन घातलें जावें, ही गोष्ट इतिहासकाराच्या सहवासाशिवाय घडली नसती.

पण वचन दिलेलें निराळें व दप्तर उघडलेलें निराळें. जर्मनींत बाड आरोल्सेन या गांवीं आंतरराष्ट्रीय शोधखात्याचें दप्तर आहे. छावण्यांच्या नांवनिशा, वेठबिगारांचीं पत्रकें, युद्धानंतर बेघर झालेल्यांच्या चौकशा असे सुमारें तीन कोटि कागद तेथें आहेत. नांवांच्या मुख्य सूचींत सुमारें पावणेदोन कोटि माणसें येतात. १९५५ च्या करारानें तें दप्तर अकरा राष्ट्रांच्या देखरेखीखालीं होतें आणि व्यवस्था आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे होती. नातलगांच्या चौकशीस उत्तर मिळे, तेंहि कधीं कधीं अनेक वर्षांनीं. संशोधकास दार बंद. स्टॉकहोम येथें या अकराहि राष्ट्रांनीं सातवें कलम मान्य केलें होतें. त्यानंतर करार बदलण्यास २००६ साल उजाडलें, आणि सर्वांच्या मंजुऱ्या मिळून दप्तर खरोखर खुलें झालें तें २००७ च्या नोव्हेंबरांत. मध्यें पावणेआठ वर्षें गेलीं. या काळांत किती वृद्ध आपल्या आईबापांच्या नांवाचा कागद न पाहतां वारले याची गणना कोणींच केलेली नाहीं. गुप्ततेचा प्रश्न खरा होता हें आम्ही नाकारीत नाहीं. छावणींतील कागदांत माणसाच्या रोगांविषयीं, अपराधांविषयीं, फितुरीविषयीं मारणाऱ्यानें लिहिलेला मजकूर असतो, आणि तो प्रसिद्ध करतांना जपावें लागतें. परंतु जपणें म्हणजे कुलूप लावणें नव्हे. दप्तर उघडल्यावर जगबुडी झाली नाहीं. २०१३ सालीं युनेस्कोनें त्याची जागतिक स्मृति-नोंदींत गणना केली, आणि २०१९ सालीं एक कोटि तीस लक्ष कागदांच्या प्रतिमा घरबसल्या पाहण्याची सोय झाली.

ज्या महिन्यांत स्टॉकहोमला राष्ट्रप्रमुख बोलत होते त्याच महिन्यांत लंडनच्या न्यायालयांत दुसरें एक काम चाललें होतें. डेव्हिड आयर्विंग यानें अमेरिकन विदुषी डेबोरा लिप्स्टाट व पेंग्विन प्रकाशन यांवर बेअब्रूची फिर्याद केली होती, कारण लिप्स्टाटबाईंनीं त्यास संहार नाकारणारा म्हटलें होतें. इंग्रजी कायद्याप्रमाणें म्हणणें खरें आहे हें दाखविण्याचा भार प्रतिवादीवर. तेव्हां रिचर्ड एव्हान्स या इतिहासकारानें आयर्विंगच्या ग्रंथांतील आधार एकेक करून मूळ कागदांशीं ताडले. यांतील एक उदाहरण तर आमच्या मोडीवाचकांनीं चौकटींत घालून ठेवावें असें आहे. हिम्लरच्या दूरध्वनि-टिपणांत ता. १ डिसेंबर १९४१ खालीं त्याच्या दलाच्या कारभारी अधिकाऱ्यांनीं राहावें अशा अर्थाची नोंद आहे. त्यांतील ‘हाबेन’ या क्रियापदाच्या जागीं आयर्विंगनें ‘यूडेन’ म्हणजे ज्यू असा शब्द वाचला, आणि ज्यूंनीं आहे तेथेंच राहावें असा हुकूमच त्यांतून काढला! आदल्या दिवशींच्या नोंदींत बर्लिनहून निघालेल्या एका गाडीपुरती संहाराची मनाई आहे. ती त्यानें सगळ्या ज्यूंस लागू केली. त्या गाडींतील सुमारें एक हजार माणसें तर टिपण लिहिलें जाण्यापूर्वींच, त्याच दिवशीं सकाळीं, रीगाजवळ रुम्बुला येथें गोळ्या घालून मारलीं गेलीं होतीं. न्यायाधीश ग्रे यांनीं ता. ११ एप्रिल २००० रोजीं निकाल दिला. आयर्विंग हरला, आणि त्यानें पुरावा जाणूनबुजून विपर्यस्त केल्याचें न्यायालयाच्या दप्तरीं कायम झालें.

या खटल्याच्या ओघांत आणखी एक गोष्ट घडली. आइखमन यानें इझ्राएलच्या तुरुंगांत फांशी जाण्यापूर्वीं लिहिलेलें आत्मवृत्त, सुमारें तेराशें हस्तलिखित पृष्ठें, तेथील सरकारी दप्तरांत जवळजवळ चाळीस वर्षें बंद होतें. प्रतिवादीच्या उपयोगासाठीं तें २००० च्या फेब्रुवारी अखेरीस खुलें करण्यांत आलें. परिषद होऊन महिनाच झाला होता. तिच्या सातव्या कलमानें तें उघडलें असें मात्र म्हणतां येत नाहीं. एका फिर्यादीच्या निकडीनें उघडलें. ज्यूद्वेषाशीं लढा हें जर परिषदांचें ध्येय, तर त्या वर्षीं तो लढा कोणत्या सभागृहांत जिंकला गेला याविषयीं आमच्या मनांत संदेह नाहीं.

परिषदांस अनुकूल तें सांगितलें नाहीं तर परीक्षण एकांगी होईल. स्टॉकहोमनंतर अनेक देशांनीं आपल्या शाळांत हा विषय घेतला. संयुक्त राष्ट्रसंघानें १ नोव्हेंबर २००५ च्या ठरावानें २७ जानेवारी हा जागतिक स्मरणदिन ठरविला, आणि त्याच ठरावांत संहार नाकारण्याचा निषेध केला. लुटलेल्या चित्रांविषयीं वॉशिंग्टन येथें १९९८ सालीं आणि एकंदर मालमत्तेविषयीं २००९ सालीं तेरेझीनच्या जाहीरपत्रानें जीं तत्त्वें मान्य झालीं, त्यांच्या आधारानें कित्येक संग्रहालयांनीं आपल्या भिंतींवरील चित्रें कोठून आलीं याचा शोध घेतला. संग्राहकांस हें कडू वाटेल. पण आपल्या पेटींतील पोथी कोणाच्या घरांतून निघाली हें विचारणें संग्राहकाच्याच धर्मांत बसतें.

उलट बाजूस, वचनें देणारींच राष्ट्रें त्यांविरुद्ध वागलीं याचींहि उदाहरणें आहेत. पोलंडनें २०१८ सालीं असा कायदा केला कीं नाझींचे गुन्हे पोलिश राष्ट्राच्या माथीं मारणारास तीन वर्षांपर्यंत कैद व्हावी. विद्वत्कार्यास त्यांत सूट होती, आणि ओरड झाल्यावर त्याच वर्षीं जूनमध्यें शिक्षेचें कलम काढण्यांतहि आलें. पण वारा कोणत्या दिशेनें वाहतो तें कळलें. बार्बारा एंगेल्किंग व यान ग्राबोव्स्की यांनीं संपादिलेल्या, १९४२ नंतर पोलंडच्या ग्रामीण भागांत लपलेल्या ज्यूंचें काय झालें याविषयींच्या दोन खंडी ग्रंथावर, त्यांतील एका लहानशा मजकुराबद्दल दिवाणी दावा झाला. २०२१ च्या फेब्रुवारींत खालच्या न्यायालयानें दोघांस क्षमा मागावयास सांगितलें. ऑगस्टांत वरिष्ठ न्यायालयानें तो निर्णय फिरविला व इतिहासाच्या वादाची जागा न्यायालय नव्हे असें ठरलें. स्मरण-संघाचें सभासदत्व या दोघा संशोधकांच्या कांहीं उपयोगीं पडलें असें दिसत नाहीं.

ज्यूद्वेषाच्या व्याख्येचा वादहि येथेंच उरकतों. संघानें २६ मे २०१६ रोजीं बुखारेस्ट येथें कामचलाऊ व्याख्या स्वीकारली. तिला अकरा उदाहरणें जोडलीं आहेत व त्यांत बहुतेकांत इझ्राएलचा उल्लेख आहे. ती कायद्यानें बंधनकारक नाहीं असें तिच्यांतच म्हटलें असतां अनेकांनीं तिचा कायद्यासारखा उपयोग केला. तिच्या मूळ मसुद्याचे एक प्रमुख लेखक केनेथ स्टर्न यांनींच त्यास उघड हरकत घेतली, आणि २०२१ सालीं सुमारें दोनशें विद्वानांनीं यरुशलेम जाहीरनामा या नांवाची दुसरी व्याख्या पुढें मांडली. आमच्या मतें दोष व्याख्येंत कमी व तिच्या स्थानांतरांत अधिक आहे. घडलेल्या प्रकारांची मोजदाद व्हावी म्हणून जें टिपण तयार झालें तें निवाड्यासाठीं वापरलें कीं वाद होणारच. यापलीकडे या भांडणांत शिरण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं.

महाराष्ट्रांत ज्यूद्वेषाची परंपरा नाहीं, याचा आम्हांस योग्य अभिमान आहे. कोंकणांतील बेने इस्राएल शतकानुशतकें मराठी बोलत शेजारीं नांदले. परंतु त्याच मराठींत हिटलरचें आत्मचरित्र पुस्तकांच्या दुकानांतून राजरोस विकलें जातें, आणि घेणारा बहुधा तें एका कर्तबगार पुरुषाचें चरित्र म्हणून घेतो. त्या पुस्तकाच्या शेजारीं हॉफ्लेच्या तारेचें किंवा कोर्हेरच्या अहवालाचें मराठी भाषांतर ठेवावयास मिळत नाहीं. मूळ साधनें मराठींत आणण्याचें हें काम संशोधन-संस्थांनीं अंगावर घेण्याजोगें आहे, आणि तें फार मोठेंहि नाहीं. महत्त्वाचे पांचपन्नास कागद निवडले तरी एक चांगला खंड होईल.

निवड करावयाची झाल्यास आरंभ वॉर्साच्या दप्तरापासून करावा असें आम्ही सुचवूं. तेथील कोंडवाडा १९४० च्या नोव्हेंबरांत बंद झाला आणि त्याच महिन्यांत इमान्युएल रिंगेल्ब्लुम या इतिहासकारानें आपले सहकारी जमवून ‘ओनेग शब्बात’ या गुप्त मंडळाचें काम पद्धतशीर सुरू केलें. पन्नास-साठ माणसें त्यांत होतीं: शिक्षक, लेखक, धर्मगुरु, अर्थशास्त्री. त्यांनीं काय जमविलें तें पाहिलें म्हणजे कोणाहि संग्राहकाची छाती दडपावी. रोजनिश्या, पत्रें व मृत्युपत्रें तर आहेतच. पण शिधापत्रिका, ट्रामचीं तिकिटें, मिठाईचे वेष्टणकागद, भिंतीवरील हुकूमनामे, शाळकरी मुलांचे निबंध हेंहि सर्व. प्रश्नावल्या करून माहिती घेतली. एकाच घटनेच्या भिन्न पक्षांच्या कैफियती घेतल्या, आपल्याच समाजांतील पोलिसांच्या दुष्कृत्यांच्याहि. हेल्म्नो येथून पळून आलेल्या माणसाची जबानी १९४२ च्या आरंभीं त्यांनींच टिपली व ती भूमिगत मार्गानें लंडनपर्यंत पोंचविली. आपण जगणार नाहीं हें उमजल्यावर त्यांनीं ऑगस्ट १९४२ मध्यें पहिला भाग दहा पत्र्याच्या पेट्यांत घालून एका शाळेच्या तळघरांत पुरला. दुसरा १९४३ च्या फेब्रुवारींत दुधाच्या दोन मोठ्या बरण्यांत पुरला. रिंगेल्ब्लुम बायकोमुलासह १९४४ च्या मार्चांत मारला गेला. मंडळापैकीं तिघेच वांचले, आणि जागा नक्की ठाऊक असलेला हेर्श वासेर त्यांत होता, हा केवळ दैवयोग. १८ सप्टेंबर १९४६ रोजीं अवशेषांच्या ढिगाखालून पेट्या निघाल्या. त्यांस डाग दिलेला नव्हता, म्हणून पाणी शिरून पुष्कळ कागद चिकटले व शाई उतरली. बरण्या १ डिसेंबर १९५० रोजीं बांधकामाच्या मजुरांस सांपडल्या. त्यांतील कागद बऱ्या स्थितींत होते.

एकंदर सुमारें पस्तीस हजार पृष्ठें वॉर्साच्या ज्यू इतिहास-संस्थेंत आहेत. १९९९ सालीं तीं युनेस्कोच्या नोंदींत आलीं. पोलिश भाषेंत त्यांचें संपूर्ण संपादन तिसांहून अधिक खंडांत झालें आहे. त्यास वीस वर्षें लागलीं, आणि खंडांचें काम पाहतां तीं योग्य लागलीं असेंच कोणीहि म्हणेल. दप्तराचा तिसरा भाग १९४३ च्या एप्रिलांत, उठावाच्या तोंडावर, श्वेन्तोयेर्स्का रस्त्यावर ३४ क्रमांकाच्या घराखालीं पुरला होता. तें घर उरलें नाहीं. त्या भागांत आतां चीनच्या वकिलातीची बाग आहे. तो भाग अद्याप सांपडलेला नाहीं.